५५ अंशांवर न्यूयॉर्क

अमेरिकेत टीव्ही हवेतून फुकट येतो, ही बातमी बाबांना कोणी दिली ते मला अजून कळलेलं नाही. संशय सकाळच्या बागेतल्या मंडळींवर आहे. उन्हाळा आला की आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या बागांमध्ये मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांची संसद भरते. कोथिंबीर कुठे स्वस्त, कोणाची सून कशावरून धुसफुसली, सगळे ठराव तिथेच पास होतात. त्या दिवशी बाबा परतले ते बूटही न काढता माझ्यापुढे उभे.

"केबलचे महिन्याला किती भरता गं तुम्ही?"

मी आकडा सांगितला. बाबांनी तो मनातल्या मनात रुपयांत केला आणि खाली बसले.

दुपारपर्यंत त्यांच्या फोनवर जवळची प्रक्षेपण केंद्रं शोधून देणारं ॲप आलं होतं. पत्ता टाकला की आसपासच्या केंद्रांची यादीच येते: मनोरा किती मैल लांब, किती अंशांवर, आणि तुमच्या घरी सिग्नल कसा येईल. हिरवं म्हणजे येईल, पिवळं म्हणजे बघू, लाल म्हणजे विसरा. वीज मंडळात नोकरी केलेल्या माणसाच्या हाती असलं काही देऊ नये. त्यांनी दोनशे पानी वही काढली, मैलांना १.६ ने गुणलं आणि जाहीर केलं, "न्यूयॉर्क ४४ किलोमीटर, ५५ अंश. फिलाडेल्फिया ८८ किलोमीटर, २३३ अंश." म्हणजे एक शहर तोंडासमोर आणि दुसरं जवळजवळ पाठीमागे. कागदावर फारच सुंदर दिसत होतं ते.

पण आमच्या घरात उत्तर कुठे आहे, हे मला किंवा नवऱ्याला सांगता येईना. आम्ही इथे जीपीएसच्या भरवशावर राहतो. दिशा फक्त आईला माहीत होत्या. तिने आल्या आल्या सूर्योदय बघून ईशान्य कोपरा हुडकला होता, तिथला माझा दिवा हलवून देवघर मांडलं होतं. आता ५५ अंश म्हणजे ढोबळमानाने ईशान्यच. टीव्हीचा मनोरा जिच्या माथ्यावर आहे ती एम्पायर स्टेट बिल्डिंग नेमकी बाळकृष्णाच्या मागे आली.

"देव हलणार नाहीत," आई म्हणाली.

"अगं, देव नाही, फक्त समई जरा…"

"समईही नाही."

त्यात ॲपने दिशेचे दोन आकडे दिलेले. खऱ्या उत्तरेपासून मोजलं तर ५५, होकायंत्राने मोजलं तर ६७. न्यू जर्सीत होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे १२ अंश पश्चिमेला ओढते; पुण्यात हा फरक जवळपास नसतोच. त्यामुळे बाबांना या भानगडीची आयुष्यात कधी गरज पडली नव्हती. १९७३ साली सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्यात टीव्ही दिसायला लागला तेव्हा कोणी अंश मोजले नव्हते. गच्चीवर जाऊन अँटेनाचं तोंड गडाकडे करायचं. गड कुठे आहे हे ज्याला माहीत नाही, त्याने पुण्यात टीव्ही तरी का घ्यावा? इथे मात्र फोन घेऊन फ्रिजजवळ गेलं की उत्तर बदलायची.

अँटेना आली ती कागदासारखी चपटी. बाबांनी ती उलटसुलट करून पाहिली, "नुसतं पाकीट पाठवलंय" म्हणाले. ती खिडकीला चिकटवायचं काम नवऱ्याकडे आलं आणि इथे शिष्टाचार आडवा आला. बाबा जावयाला ओरडून सांगू शकत नाहीत. मला सांगू शकतात. त्यामुळे शिडीवरचा माणूस आणि रिमोट धरलेला माणूस एकाच खोलीत असूनही सगळा व्यवहार माझ्यामार्फत चालला.

"त्यांना म्हणावं, जरा डावीकडे घेतलंत तर बरं होईल."

"अरे, डावीकडे घे."

"आणि त्यांना म्हणावं, आपलं डावं. त्यांचं नव्हे."

बाबा पडद्यावर मुंग्या शोधत होते. मुंग्या कमी होत गेल्या की आपण बरोबर चाललोय, एवढं शास्त्र त्यांना पाठ. पण अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी जुनं प्रक्षेपण १२ जून २००९ ला बंद केलं. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. एक तर निवेदिकेच्या पापण्या मोजता येतील असं चित्र, नाहीतर तिचे चौकोनी तुकडे आणि मग काळोख. "थोडं आलंय" ही अवस्थाच नाही. शिवाय अँटेना हलवली की पुन्हा सगळे चॅनेल शोधायला लावायचे, आणि पडद्यावरची टक्केवारी सरकेपर्यंत नवऱ्याने शिडीवर हात वर करून थांबायचं.

अखेर सीबीएस चॅनेल लागला. नंबर २. बाबांनी वही पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. ॲप म्हणत होतं, हा प्रत्यक्षात ३६ वर आहे. डिजिटल झाल्यावर केंद्रं दुसऱ्या कंपनसंख्यांवर गेली, पण लोकांच्या तोंडात बसलेले जुने नंबर त्यांनी पाटीसारखे पुढे लावून ठेवले. बाबांना ही शुद्ध फसवणूक वाटली. ते एकेक नंबर तपासत गेले, आणि एबीसीचा ७ खरोखर ७ वरच आहे हे कळल्यावर म्हणाले, "चला, एक तरी सरळ माणूस निघाला." तेव्हापासून बातम्या फक्त त्याच्यावर.

चॅनेल आले तेही भरपूर. त्यातले कित्येक स्पॅनिशमध्ये, काही दागिने विकणारे, आणि एकावर दिवसभर जुने काउबॉय घोडे दामटतात. आई ते आवडीने बघते. भाषा न कळताही कोण मरणार ते तिला आधी कळतं. बाबांना लिंकन टनेलमधली गर्दी तोंडपाठ झाली आहे, आणि ते ती माझ्या मावसभावाला फोनवर सांगतात. तो नाशिकला असतो.

केबल मात्र अजून तोडलेली नाही. कारण फिलाडेल्फियाचा ६ नंबर यायचाय. तोही ७ सारखाच खरा, प्रत्यक्षात ६ वरच, म्हणजे एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या अगदी खाली. ॲपमध्ये तो लाल आहे, पण बाबा आता लाल मानत नाहीत. एवढ्या लांब लहरींना आमचं पाकीट पुरत नाही, हे त्यांनी गणित करून काढलं. अर्ध्या लहरीएवढी दांडी हवी, म्हणजे पावणेदोन मीटरची. काल नवऱ्याने सहज अँटेनाच्या तारेला हात लावला आणि पडद्यावर क्षणभर कोणीतरी फिलाडेल्फियाचं हवामान सांगून गेलं. बाबांनी चष्मा सारखा केला, जावयाला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "यांची उंची किती गं?"

"पाच फूट नऊ."

त्यांनी वहीत फुटांचे मीटर केले.

"त्यांना विचार, संध्याकाळी साडेसहाला बातम्या असतात. अर्धा तास मोकळे आहेत का म्हणावं."