शंभर टक्के हजेरी

आज पालकसभेला गेलो आणि डोकं तापवून घरी आलो.

बाईंनी जूनमध्ये एकही दिवस न चुकवलेल्या मुलांना पुढे बोलावलं, रंगीत प्रमाणपत्रं दिली, टाळ्या झाल्या. इथवर ठीक. मग एका मुलाचे वडील उठले. "ताप होता तरी पाठवलं. सकाळी औषध पाजलं आणि बसमध्ये बसवलं. साधी सर्दी तर होती!" पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जोरात.

येताना स्कूटरवर मागून चिऊचा आवाज, "बाबा, मला का नाही मिळालं?"

चार गैरहजेऱ्या आहेत तिच्या. चारही सर्दीच्या.

तिथे गप्प बसलो. माझं हे नेहमीचंच, घरी येऊन सुचतं. तर आता बोलतो. साहेब, तुमच्या मुलाची साधी सर्दी त्याच बाकावर बसणाऱ्या पोरीच्या छातीत तिसऱ्या रात्री उतरते, तेव्हा ती साधी राहत नाही. माझ्या पोरीला बालदमा आहे.

गेल्या वर्षी शाळा सुरू होऊन जेमतेम सोळा दिवस झाले होते. दोन दिवस नाक गळत होतं. आम्ही काय केलं? वाफ, ओव्याची पुरचुंडी, हळदीचं दूध. रात्री अडीचला बायकोने हलवून उठवलं. चिऊ उशीला टेकून बसली होती, खांदे वर चढलेले. प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत जात होता आणि बरगड्यांच्या मधली कातडी ओढली जात होती. पाणी हवं का विचारलं तर "ह...वं" एवढा शब्दसुद्धा दोन तुकड्यांत आला. बाहेर पाऊस कोसळतोय, रिक्षा एक नाही. शेजारच्या काकांनी लुंगीवरच गाडी काढली.

बोटाला चिमटा लावला तर ऑक्सिजन 88.

तीन वेळा नेब्युलायझर दिल्यावर पहाटे पोरगी झोपली. मग डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे दोन गोल काढले, एक रुपयाएवढा, एक मुगाएवढा. मोठा गोल माझ्या श्वासनळीचा, छोटा तिचा. सूज दोन्हीकडे सारखीच आली तरी माझ्याकडे वाट उरते, तिच्याकडे उरत नाही. ही सूज आणणारा बहुतेक वेळा रायनोव्हायरस, सर्दीचा सगळ्यात नेहमीचा विषाणू. (रायनो म्हणजे नाक. मी इतकी वर्षं गेंडा समजत होतो.) याचे 160 हून जास्त प्रकार आहेत. म्हणून याची लस नाही, आणि एक प्रकार येऊन गेला म्हणून दुसरा सोडत नाही. धडधाकट माणसाच्या नाकात आठवडाभर राहून तो निघून जातो. दम्याच्या पोराची नळी आधीच चिडलेली असते. ती सुजते, चिकट कफ धरते, भोवतीचे स्नायू आवळतात. लहान मुलांचे दम्याचे अटॅक बहुतांशी अशा सर्दीच्या विषाणूंनीच सुरू होतात, आणि त्यांत पहिला नंबर याचा. कॅनडात सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या की अडीचएक आठवड्यांनी दम्याची पोरं हॉस्पिटलांत रांगेने येतात, दरवर्षी. आमचा सोळावा दिवस होता.

आणि आमच्या घरात निष्कर्ष काय निघाला? "पावसात भिजली म्हणून," इति माझी आई. अहो, इंग्लंडात सॉल्सबरीला 1946 पासून सर्दीवर संशोधन करणारं केंद्रच होतं. तिथे माणसांना अंघोळ घालून ओल्या अंगाने गार वाऱ्यात उभं केलं, ओले मोजे घालून बसवलं. नुसत्या तेवढ्याने सर्दी होते असं काही दिसलं नाही. सर्दी माणसाकडून माणसाला होते. शिंकेतून, शेंबूड पुसलेल्या हातातून, एकाच पेन्सिलीतून. हो, गार हवेने दमेकऱ्याची छाती आवळते, तेवढं आईचं खरं.

मी त्या वडिलांवर भडकलोय खरा, पण त्या रात्रीचा एक भाग आजवर कोणाला सांगितलेला नाही.

डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं होतं, "रोजचा पंप चालू आहे ना?"

मी आणि बायको एकमेकांकडे बघत राहिलो. पंप, म्हणजे तोंडाने ओढायचं दम्याचं रोजचं औषध, मे महिन्यातच बंद केला होता, आम्हीच. सुट्टीत गावी गेलो तेव्हा आत्या म्हणाली, "पंपाची सवय लागते रे. पोरीची जात, उद्या लग्न कसं व्हायचं?" सात वर्षांची पोरगी आणि लग्न! मी आत्यावर हसलो, आणि घरी आल्यावर पंप कपाटात बायकोच्या साड्यांमागे ठेवला. पाहुण्यांना दिसू नये म्हणून. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, माळ्यावर. पोरगी सव्वा महिना छान खेळत होती, म्हटलं, बघा, गरजच नव्हती. ती छान होती ती पंपामुळे, आणि त्या पंपाने धरून ठेवलेली सूज हळूहळू परत येत होती, हे दिसणार कुठून? पहिल्या सर्दीने दाखवलं.

पंपाची सवय लागत नाही हो. त्यातलं सूज उतरवणारं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट नळीत जातं. त्या रात्री तिला पोटातून द्यावं लागलं ते मिलिग्रॅममध्ये होतं. रोजच्या पंपाने उंचीत सेंटिमीटरभर फरक पडू शकतो, हे डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं. पडू दे. सेंटिमीटरभर बुटकी मुलगी चालेल मला.

आणि सर्दी झाली की अँटिबायोटिक मागणारे पालक, त्यांच्याबद्दल लिहायला बसलो तर सकाळ होईल. विषाणूला ते लागू पडत नाही, विषय संपला.

आता तुम्ही म्हणाल, दर सर्दीला पोरं घरी ठेवली तर वर्ष कसं पार पडायचं? लहान पोरांना वर्षाला सहा-आठ सर्द्या होतातच. आणि दोघं नोकरीला जाणारी, घरात म्हातारं माणूस नाही, रजा संपलेल्या, ती काय करतील? मान्य. मलाही चार दिवसांतले दोन बिनपगारी पडले. त्या गृहस्थांचीही रजा संपली असेल, कोण जाणे. पण मग नाइलाज म्हणा ना! माईक घेऊन अभिमानाने कशाला सांगता? आणि शाळेने त्याला प्रमाणपत्र कशाला द्यायचं? निदान ताप असेल तेव्हा तरी घरी ठेवा. आणि डब्याआधी हात साबणाने धुवायला लावा.

बाईंना उद्या फोन करणार आहे. नीट बोलेन, भांडणार नाही. बायकोने हे वाक्य लिहायला लावलंय.

पंप आता फ्रिजवर असतो, सगळ्यांना दिसेल असा. सकाळ-संध्याकाळ पंप, मग चूळ. चिऊ स्पेसरला मास्क लावून आधी बाहुलीला देते, मग स्वतः घेते, आणि श्वास मोजताना सहानंतर एकदम नऊ म्हणते.

संध्याकाळपासून पुन्हा दोन-तीन शिंका आल्यात. हे लिहिताना दोनदा उठून बॅटरी मारून बघून आलो. नाक चोंदलंय, तोंडाने श्वास घेतेय. गळ्याखालचा खळगा हलत नाहीये.