ऐकीव ॲम्प्लिफायर

एक लाख नव्वद हजार रुपयांची वस्तू. काम एकच, बारीक आवाज मोठा करायचा. आणि नेमका तो आवाजच घेण्याआधी ऐकायला मिळणार नाही. कारण आमच्या देवगडात हापूस आहे, मासळी आहे, पवनचक्क्या आहेत, पण क्लास ए ॲम्प्लिफायरचं दुकान नाही. ते का नाही, हे किंमत वाचूनच कळावं.

जुन्या ॲम्प्लिफायरला खाऱ्या हवेने गाठलं होतं. मागची पितळी टर्मिनलं हिरवी पडली आणि उजवा स्पीकर मर्जीने वाजू लागला. कुमार गंधर्व डावीकडून ऐकू यायचे आणि तंबोरे उजवीकडच्या स्पीकरच्या मूडवर. मूड नसला की कुमार बिचारे एकटेच गायचे.

मुंबईच्या विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, डोळे झाकून घ्या."

डोळे झाकायला माझी काहीच हरकत नव्हती. प्रश्न कानांचा होता.

"ऐकायचाच असेल तर या की मुंबईला. रात्रीची ट्रॅव्हल्स आहे ना?"

आहे. पण रात्रभर हाडं खिळखिळी करून तिथे मी ऐकणार काय? त्याच्या खोलीत गालिचा, एसी, भिंतींना गाद्या. माझ्या घराला जांभ्याच्या भिंती, खाली कोबा, वर कौलं, आणि खिडकीतून रेडिओसारखा बंद करता न येणारा समुद्र. कानापर्यंत जे पोचतं त्यात खोलीचा वाटा मोठा असतो, आणि ती खोली काही खोक्यात घालून देवगडला येत नाही. शिवाय दोन ॲम्प्लिफायर शेजारी वाजवताना एकाचा आवाज किंचित चढा ठेवला की तोच सरस वाटतो. तो मोठा आहे हे कान सांगतच नाही. कान म्हणतो, वा, काय खुललाय! हे मला ठाऊक आहे आणि विक्रेत्याला माझ्याआधीपासून ठाऊक आहे.

मग सल्ला घ्यायचं ठरवलं. आमच्याकडे ध्वनिशास्त्रातला सर्वोच्च अधिकार म्हणजे मंडपवाला. जत्रेतलं दशावतारी नाटक असो की डबलबारी भजन, तालुक्याच्या कानांचं पालकत्व त्याच्याकडे आहे.

"किती वॉट?" त्याने विचारलं.

"साठ."

"साठ हजार?"

"साठ. एका चॅनलला."

तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मग मऊ आवाजात म्हणाला, "मरे, साठ वॉटात जत्रेतलो पाळणेवालो पण तुका इचारूचो नाय. ह्या पैशात मी तुका चार टॉप, चार बेस आणि जनरेटर देतंय. वर येवन लावन पण देतंय."

मी त्याला शास्त्र समजावलं. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॉट साधारण दहापट लागतात. माझे स्पीकर एका वॉटला मीटरभर अंतरावर 88 डेसिबल देतात, म्हणजे माजघरात दीड-दोन वॉट झाले की रग्गड. बाकीचे अठ्ठावन्न वॉट चाकरमान्यांसारखे, असल्याचा अभिमान बारा महिने, दर्शन गणपतीत.

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मगे दीड वॉटाचोच घे. पैशे वाचतीत."

यावर शास्त्राकडे उत्तर आहे, ठेक्याच्या थापेला क्षणभर ताकद राखीव लागते वगैरे. पण तोवर तो स्कूटरला किक मारून गेला होता.

राहिलं माहितीपत्रक. त्यात लिहिलं होतं, दहा हर्ट्झपासून एक लाख हर्ट्झपर्यंत. माणसाच्या कानाची धाव वीस ते वीस हजार, तीही तरुणपणी. पन्नाशी उलटली की वरचे काही हजार न सांगता निघून जातात. म्हणजे वीस हजारांवरचा सगळा माल मी आढ्यातल्या वटवाघळांसाठी घेणार होतो. विकृती, म्हणजे मूळ आवाजात यंत्राने केलेली भेसळ, 0.005 टक्के. इथे जूनमध्ये कौलांवर पाऊस सुरू झाला की शेजारच्या खुर्चीवरची बायको ओरडून बोलते. त्या पावसात कुणाला 0.005 टक्के ऐकू आलं, तर त्याने गाणी सोडून हवामान खात्यात जावं.

वाचता वाचता दोन जुन्या हकिकती हाती लागल्या आणि झोप गेली. 1978 साली इंग्लंडात क्वाड कंपनीचे तीन ॲम्प्लिफायर, एक जुना व्हॉल्व्हवाला आणि दोन ट्रान्झिस्टरचे, कुठला वाजतोय हे न सांगता जाणकारांना ऐकवले. जाणकारांना फरक सांगता आला नाही. मग 1985 साली अमेरिकेत बॉब कार्व्हर नावाच्या इंजिनिअरने पैज मारली, की कुठलाही महागडा ॲम्प्लिफायर द्या, माझा स्वस्तातला मी त्याच्यासारखाच वाजवून दाखवतो. हॉटेलच्या खोलीत बसून त्याने दोघांमधला फरक मोजत मोजत जवळजवळ शून्यावर आणला. आव्हान घेणारे स्टिरिओफाइल मासिकाचे परीक्षक शेवटी कुठला कुठला हे ओळखू शकले नाहीत.

हे मी विक्रेत्याला ऐकवलं. तो म्हणाला, "सर, त्यांच्याकडे चांगली केबल नसणार." केबलची किंमत त्याने लगेच व्हॉट्सॲपवर पाठवली. तेवढ्यात आमच्याकडे बोअर पाडून झाली असती.

आता घरातली परवानगी. बायकोने रकमेचं ताबडतोब आंब्याच्या पेट्यांत रूपांतर केलं आणि साठ-पासष्ट पेट्या हवेत तरंगताना मला दिसल्या. मी घाईने तांत्रिक बाजूकडे वळलो. क्लास ए म्हणजे काय, तर गाणं लागलेलं असो वा नसो, चालू आहे तोवर तो वीज पीत राहतो. कागदावरसुद्धा फार तर निम्मी स्पीकरपर्यंत पोचते, प्रत्यक्षात पुष्कळच कमी. बाकीची नुसती उष्णता. एवढं सांगून मी जीभ चावली. आपल्याच बाजूच्या साक्षीदाराने असं बोलायचं नसतं.

पण ती म्हणाली, "किती तापता?"

"हात ठेवला तर पटकन उचलावा लागतो."

"पावसात पण?"

"पावसात पण."

तिने फोटो मागून घेतला आणि वरच्या जाळीची लांबी-रुंदी विचारली. ज्या घरात आषाढात मिठाचं पाणी होतं, काडेपेटी पेटत नाही आणि चपलांना बुरशी येते, तिथे बारा तास गरम राहणारा पत्रा म्हणजे काय, हे कुठल्याही परीक्षकाने अजून लिहिलेलं नाही.

"वर काय ठेवलेला चलात मा?"

"काही ठेवू नये, असं कंपनीने लिहिलंय."

"कंपनीक आमचो पावस काय म्हायती?"

परवानगी मिळाली. स्टॅबिलायझरचा खर्चही त्याच तडाख्यात मंजूर करून घेतला, कारण संध्याकाळी आमचे दिवे लाजतात.

तरी मन घेईना. मला खरी टोचणी होती ती "डोळे झाकून घ्या" या वाक्याची. ते कुठेतरी ऐकलेलं होतं. कुठे, तर माझ्याच तोंडून. दर फेब्रुवारीत पुण्या-मुंबईची गिऱ्हाईकं फोन करतात, "यंदा गोड निघेल ना?" त्या वेळी बागेत फळ कसंबसं सुपारीएवढं असतं, काही झाडांवर तर नुसता मोहोर. आणि मी ठासून सांगतो, "साखर! डोळे झाकून घ्या." हापूसला आत साका धरला, म्हणजे गर खराब झाला असेल तर सालीवर ठिपकासुद्धा दिसत नाही. कापल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. तरी ती माणसं अर्धे पैसे आगाऊ पाठवतात. आता मी कुठल्या तोंडाने ऐकून बघायला मागणार?

फोन केला. विक्रेत्याने पत्ता लिहून घेतला आणि एकदम थांबला.

"सर, देवगड म्हणजे… हापूसवालं देवगड? तुमची बाग आहे?"

"आहे."

"मग पाच पेट्या धरा ना आमच्या. अस्सलच असेल, म्हणा. कर्नाटकचा तर नाही ना?" मग जरा आवाज उतरवून, "सर, आधी एखादा चाखायला मिळाला असता तर…"

"या की देवगडला," मी म्हटलं. "रात्रीची ट्रॅव्हल्स आहे ना?"

तो हसला. हिशेब करताना मात्र दोघांपैकी कोणीच हसलं नाही. त्याने निम्मे पाठवले, मी निम्मे पाठवले. पेट्या गेल्या आठवड्यात त्याला पोचल्या. ॲम्प्लिफायर कुरिअरच्या म्हणण्यानुसार वाटेत आहे, आणि बायकोने यंदा फणसाचे पापड दुप्पट घातलेत.