‘घाबरू नका’ या माझ्या शब्दांबद्दल

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, ‘मुलाच्या छातीत मर्मर ऐकू आली तर घाबरू नका, बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते.’ (मर्मर म्हणजे हृदयाच्या ठोक्यांसोबत ऐकू येणारा जादा आवाज.) तुमच्या बहिणीलाही शाळेतल्या तपासणीत हेच सांगितलं होतं, आणि गरोदरपणात सातव्या महिन्यात तिला आडवं पडता येईना तेव्हा हृदयाची झडप अरुंद झालेली निघाली. असं लिहून मी लोकांना गाफील करतोय, असं तुमचं म्हणणं. शिवाय इको (हृदयाची सोनोग्राफी) असताना स्टेथो लावून कानाने ऐकण्याचं एवढं कौतुक कशाला, हाही प्रश्न.

पहिला मुद्दा मान्य. मर्मर आहे की नाही यापेक्षा ती ठोक्यात कुठे येते हे महत्त्वाचं, आणि नेमकं तेच मी गाळलं.

मिनिटाला ७५ ठोके धरले तर एक चक्र ०.८ सेकंदाचं. त्यातले साधारण ०.३ सेकंद हृदयाचे खालचे कप्पे आवळून रक्त ढकलतात, उरलेले ०.५ सेकंद सैल पडून भरून घेतात. ठोक्याच्या ‘लब-डब’मधला ‘लब’ हा आवाज वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटल्याचा, ‘डब’ हा धमन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटल्याचा. लब आणि डबच्या मध्ये मऊ, आखूड आवाज येतो, मूल खेळताना दमत नाही, वजन नीट वाढतंय, उठून बसलं की आवाज विरतो, तर बहुधा काळजी नसते. ताप असला, अंगात रक्त कमी असलं, तरी वेगामुळे आवाज येतो. तासगावच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा: मोटारीचा जोर वाढला की धड पाइपही घुमतो, आणि कॉक अर्धवट मिटला तरी घुमतो; पण दोन्हीचा आवाज वेगळा.

डबनंतर येणारी मर्मर मात्र ‘मोठेपणी जाईल’ म्हणून सोडायची नसते.

मागच्या गळिताच्या हंगामात एक ऊसतोडणी करणारी बाई दवाखान्यात आली. पाच महिन्यांची गरोदर, तक्रार खोकल्याची. बसवून ऐकलं तेव्हा लब जरा ठणठणीत वाटला, एवढंच. पंखा बंद केला, तिला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, स्टेथोची बेलची बाजू (खालच्या पट्टीतले आवाज टिपणारी छोटी वाटी) हलकेच टेकवली. श्वास सोडून ती थांबली, आणि डबनंतर खालच्या पट्टीतली घरघर आली, लांबच्या पुलावरून मालगाडी जावी तशी. जोरात दाबलं असतं तर तीही गेली असती.

तुमच्या बहिणीचं सातव्या महिन्यातच का बिघडलं, ते इथे कळतं. अशी घरघर डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली झडप अरुंद झाल्याची खूण. ही झडप मोठ्या माणसात ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते. ती दीडच्या आत आली की रक्ताला खाली उतरायला वेळ लागतो. गरोदरपणात रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि ठोकेही वाढतात. ठोके वाढले की आवळण्याचा वेळ थोडाच घटतो, भरण्याचा मात्र फार. मिनिटाला १२० ठोके झाले की सगळं चक्रच अर्ध्या सेकंदाचं. रक्त जास्त, दार अरुंद, वेळ निम्मा. मग ते मागे फुफ्फुसात तुंबतं, आणि आडवं पडलं की दम लागतो. एरवी ती चालत-फिरत होती, ते खोटं नव्हतं.

इकोबद्दल एवढंच: झडप किती अरुंद आहे ते इकोच सांगतो, त्याला तोड नाही. पण त्या बाईला इकोला पाठवायचं कुणी आणि कशावरून? खोकल्याचं औषध घेऊन ती फडावर परत गेली असती.

मूळ लेखातलं वाक्य आज बदललंय: ‘मर्मर सांगितली तर ती लब-डबच्या मधली की डबनंतरची, हे डॉक्टरांना विचारा. डबनंतरची असेल, किंवा मूल दमत असेल, तर इको करूनच घ्या.’

एक विचारायचं राहिलं. बहिणीला लहानपणी घसा दुखून नंतर सांधे सुजले होते का, आज एक, उद्या दुसरा असे? तो संधिवाताचा ताप; त्यानेच पुढे झडप अरुंद होऊ शकते. तसा ताप येऊन गेला असेल तर तो पुन्हा येऊ नये म्हणून पेनिसिलिनचं दर २१ दिवसांचं इंजेक्शन चालू आहे का, ते तिच्या डॉक्टरांना नक्की विचारा. बाळंतपण झालं, बरं वाटतंय, म्हणून ते बंद करू देऊ नका.