रासपुतीनने युवराजाला बरं केलं नव्हतं

परवा मामीचा फोन आला. 'नातवाची इंजेक्शनं थोडे दिवस थांबवून बघू या का रे?' पोरगा सात वर्षांचा, हिमोफिलिया बी, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार. ठरल्या दिवशी फॅक्टर ९, म्हणजे रक्त गोठायला लागणारं प्रथिन, घ्यावंच लागतं. आणि हे कशावरून सुचलं, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका मेसेजवरून: 'रशियाच्या रासपुतीन नावाच्या संन्याशाने युवराजाचा रक्तस्रावाचा आजार नुसत्या प्रार्थनेने कायमचा बरा केला. राणीशी त्याचे संबंध होते. विष, गोळ्या, कशानेच तो मरेना.' तीन-चार नातेवाइकांनी तर त्यावर हात जोडलेत.

'कायमचा बरा केला' हे साफ खोटं आहे. १९१२च्या ऑक्टोबरमध्ये पोलंडमधल्या स्पाला इथे आठ वर्षांच्या युवराज अलेक्सेईच्या मांडीत आणि जांघेत रक्त साचलं. तो जगेल असं कुणालाच वाटेना, अंतकाळची प्रार्थनाही झाली. रासपुतीन तेव्हा तिथे नव्हताच, सायबेरियात आपल्या गावी होता. त्याची तार आली: मुलगा मरणार नाही, डॉक्टरांना त्याला फार छळू देऊ नका. त्यानंतर रक्तस्राव थांबला, हे मान्य. पण साचलेल्या रक्ताच्या दाबाने असा स्राव कधीकधी आपोआपही थांबतो, आणि दुखऱ्या जागी सारखं चाचपणं बंद झालं तर फायदाच होतो. बरा झालेला हा मुलगा पुढे कित्येक महिने पाय सरळ करू शकत नव्हता! क्रांतीनंतर राजकुटुंब कैदेत असताना, १९१८मध्ये सायबेरियातल्या तोबोल्स्कला पुन्हा रक्तस्राव झाला, आणि १६-१७ जुलैच्या रात्री, सगळ्या कुटुंबाला गोळ्या घातल्या तेव्हा, येकातेरिनबुर्ग शहरातल्या घराच्या तळघरात त्याला वडिलांनी कडेवर उचलून नेलं. त्याला चालता येत नव्हतं.

आता पुरावा. २००९मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात राजकुटुंबाच्या अस्थींचा डीएनए अभ्यास आला. अलेक्सेईच्या हाडांत फॅक्टर ९च्या जनुकातला दोष सापडला, म्हणजे हिमोफिलिया बी. आपल्या पोराला आहे तोच. प्रार्थनेने तो दोष तसूभरही हलला नव्हता. आणि त्या मुलाकडे फॅक्टरचं इंजेक्शन नव्हतं, आपल्याकडे आहे.

बाकीचं थोडक्यात. रासपुतीन संन्यासी नव्हता, बायको-मुलं असलेला शेतकरी होता. विषाची कथा मुख्यतः त्याला मारणाऱ्या युसुपोव्हनेच रंगवून सांगितली. १९१६च्या डिसेंबरात तो गोळ्यांनीच मेला, एक कपाळात होती. राणीशी संबंध असल्याचा पुरावा कुणालाही मिळालेला नाही.

त्याचं वजन होतं, हे मात्र नाकारता येत नाही. १९१५मध्ये झार, म्हणजे रशियाचा राजा, युद्धआघाडीवर गेल्यावर मंत्री नेमताना राणी पत्रांतून त्याची मतं कळवत असे. पण ते वजन आलं कुठून? मुलाचा आजार राजघराण्याने प्रजेपासून लपवून ठेवला होता. मुलाच्या वेदनांनी खचलेल्या आईला हा माणूस धीर देत होता. बाहेर कुणाला ते ठाऊक नव्हतं, म्हणून हा शेतकरी राजवाड्यात का जातो याचे लोकांनी वाटेल ते अर्थ लावले, आणि तेच आज तुमच्या फोनवर आलंय.

मामी, गुरुवारी इंजेक्शनला मी येतो तुमच्याबरोबर.