ठिबकचं अनुदान हमखास मिळवा (जमलं तर)

ठिबक करायचंय? छान. अल्पभूधारक असाल तर ८० टक्के अनुदान, जरा जास्त रान असेल तर ७५, केंद्राचा वाटा आणि वर राज्याचा टॉप-अप. जाहिरातीतला शेतकरी कसा हसतोय बघितलं का, तसं हसायची प्रॅक्टिस आजपासून करा, पुढं लागणारे.

सगळ्यात आधी तुमचं नाव काय ते नक्की करा. आधारवर बाळासाहेब, सातबाऱ्यावर बाळू आणि पासबुकात नुसतंच 'बी.' असेल तर अर्जाच्या महाडीबीटी पोर्टलच्या हिशोबात तुम्ही तीन माणसं आहात, आणि तिघंही अपात्र.

सातबारा सामाईक असेल तर भावांची संमती लागते. म्हणजे आधी बांधाचं भांडण मिटवा, मग अर्ज.

अर्जाची फी २३ रुपये ६० पैसे. अर्ज भरून देणारा सेवा केंद्रवाला शंभर घेतो. पावती मागू नका, सर्व्हर चालू झाला की फोन तोच करतो.

ओटीपीसाठी टाकीवर चढा.

आता मेन गोष्ट. सरकार पैसे देतं आणि मग आपण ठिबक घेतो असं डोक्यात असेल तर काढून टाका. ठिबक आधी तुम्हीच घ्यायचं, सगळे पैसे टाकून, गावच्या विकास सोसायटीचं कर्ज काढा नाहीतर घरच्यांच्या पाटल्या मोडा, डीलरला कॅश पाहिजे. पूर्वसंमती आली की मुदतीत बसवायचं, मुदत तुम्हाला असते, त्यांना नसते. मग पक्कं बिल अपलोड, मग मोका तपासणी, म्हणजे रानात येऊन पाहणी. कृषी सहाय्यकाच्या गळ्यात इतकी गावं की त्या पोराला तरी काय बोलणार, पण आला एकदाचा. डाळिंबात फिल्टरपाशी मला उभं केलं, हातात लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी दिली, फोटो काढला, तर ॲप म्हणतंय मी ओढ्यापलीकडं दुसऱ्याच्या गटात उभा आहे. परत काढला, परत ओढ्यापलीकडं. शेवटी सरकत सरकत कुंपणाच्या तारेला चिकटलो तेव्हा कुठं मी माझ्या रानात आलो. त्यानंतर स्टेटसला एकच ओळ, निधी उपलब्धतेनुसार. बहार निघून गेला, खारींनी लॅटरल कुरतडल्या त्या जोडून झाल्या, सोसायटीचं व्याज चालूच, ओळ तीच. आणि ते ८० टक्के तरी कशाचे, तुमच्या बिलाचे नाही हो, सरकारनं ठरवलेल्या मापदंडाचे, पाईप महागला तर वरचा फरक तुमचा तुम्ही बघा.

ऑफिसला मंगळवारी जाऊ नका, मीटिंग असते. बाकीच्या वारीही असते.

लग्नाकार्यात कुणी पाहुणा म्हणालाच, 'तुम्हाला काय दाजी, सरकार वर्षाला बारा हजार फुकट देतंय', तर जिलेबी खात मान डोलवा. केंद्राच्या पीएम किसानचे सहा, राज्याच्या नमो शेतकरीचे सहा, दोन-दोन हजारांच्या हप्त्यांनी. महिन्याला हजार पडतात. ई-केवायसी अडकली तर तेही नाही. डाळिंबाची एक फवारणी निघत नाही त्यात, पण पाहुण्याला कशाला सांगता, त्याला वाटतंय त्याच्या टॅक्सवर आम्ही गाद्यांवर लोळतोय.

जाऊ दे, बास झालं. अहो साहेब, तिजोरीत पैसे नसतील तर पूर्वसंमती देता कशाला? माणूस तुमच्या कागदावर विश्वास ठेवून कर्ज काढतो ना! ज्याच्याकडं आधी टाकायला पैसा आहे तोच तुमच्या योजनेत बसतो, आणि ज्याच्या दीड एकराला खरी गरज आहे तो कोटेशन बघूनच घरी जातो, मुदत संपली की त्याचा अर्ज रद्द, आणि वर तुम्हीच म्हणणार शेतकऱ्यांचा प्रतिसाद कमी आहे. प्रतिसाद काय कमी, खिशात काय आहे ते बघा की! सोलर पंपाला शेतकऱ्याकडून १० टक्के हिस्सा भरून घेता आणि बाकीचं परस्पर भागवता, मग ठिबकला काय धाड भरलीये? आमचा २० टक्के हिस्सा घ्या, उरलेलं डीलरशी तुमचं तुम्ही बघा, त्याच्या मागं तुम्ही पळा. आणि जे लोक बिलं टाकून बसलेत त्यांचे आधी द्या, नवीन जाहिराती मग छापा.