काम मावशींचं, सही सिस्टरची

"सिस्टर काउंटरवर बसून लिहीत राहतात, पेशंटचं सगळं मावशी आणि मामाच करतात. पगार मात्र सिस्टरला." हा मजकूर आठवड्यात तीन ग्रुपांवर आला, त्यातला एक आमच्या नातेवाइकांचा. मावशी-मामा म्हणजे वॉर्डातले मदतनीस. मी सिस्टर म्हणून वॉर्डात 22 वर्षं काढलीत, गप्प बसवेना.

बसून लिहितात? हो, लिहितो. काय, ते सांगते. एका पहाटे मावशींनी नऊ नंबरच्या बेडची युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, रिकामी केली. किती होतं विचारलं, तर "होतं की थोडं." साठ किलोच्या माणसाला तासाला 30 मिलीपेक्षा कमी लघवी होत राहिली तर डॉक्टरांना उठवावं लागतं. माझा रात्रभराचा हिशेब त्या "थोडं"वर अडला. चूक माझी, मी नुसतं "पिशवी रिकामी करा" म्हटलं होतं. तेव्हापासून असं सांगते: "सहाला काढा, मापाच्या भांड्यात ओता, आकडा मला सांगा. लाल दिसली तर हात लावू नका, आधी हाक मारा."

"अनुभवी मावशी इंजेक्शनसुद्धा देतील." हात बसलेला असेलही. माझ्यापेक्षा चादर त्या छान घालतात, आणि पेशंटने ताट तसंच ठेवलंय हे आधी त्यांनाच कळतं. पण सुई टोचल्यावर अंगावर पित्त उठलं, श्वास अडकला तर पुढे काय करायचं, हे शिकायलाच जीएनएमची, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाची, 3 वर्षं लागतात, आणि वर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. शिवाय काम तेच असलं तरी माणूस बदलतो. चार नंबरच्या आजोबांना चहा मावशींनी खुशाल पाजावा. शेजारच्या बेडवर कालच पॅरॅलिसिसचा झटका आलेला माणूस आहे. त्याला गिळता येतंय का हे तपासेपर्यंत त्याच कपातला एक घोटही नको. तो फुफ्फुसात जाऊ शकतो.

"काम सांगितलं की सिस्टर मोकळ्या." कुठल्या मोकळ्या! दर दोन तासांनी कूस बदलायला मामांना सांगते, पण पाठ लाल झालीय का हे मलाच बघायचं असतं. बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, झाला तर राउंडला जाब मामांना कोणी विचारत नाही. नर्सिंग कौन्सिलच्या निकषात मेडिकल कॉलेज नसलेल्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात 5 पेशंटमागे एक नर्स आहे. आमच्याकडे रात्री चाळीसला दोघी, आणि एकच मामा तीन वॉर्डांना. ते एक्स-रेला गेले की स्ट्रेचरही आम्हीच ओढतो.

मजकुरात नसलेली एक गोष्ट मीच कबूल करते. आमच्यातल्या काही जणी वडिलांच्या वयाच्या माणसाला "ए मामा, चल" म्हणून पिटाळतात. ऐकवत नाही. अशा हाकेला माणूस येतो, पण काय दिसलं ते सांगायला परत थांबत नाही.

पगाराचं म्हणाल, तर मावशींना जरूर वाढवून द्या. आमच्या वॉर्डातल्या निम्म्या कंत्राटावर आहेत. त्यासाठी सह्यांचं पत्र काढलंत तर पहिली सही माझी.