हात दाखवून अवलक्षण

माझे साठ रुपये गेले. मीटरचे ५९ आणि वरचा एक, कारण त्याच्याकडे सुटा रुपया नव्हता. स्वतःची स्कूटर शेजारी उभी असताना रिक्षाने घरी गेलेला कोथरूडमधला मी पहिलाच माणूस असेन.

सोसायटीच्या समूहगानापुढे उभं राहून हात हलवणाऱ्या काकू यंदा १ मेच्या आधीच मुलीकडे अमेरिकेला गेल्या. ‘तुम्ही लहानपणी तबला शिकलात ना?’ एवढ्यावरून ते काम माझ्या गळ्यात पडलं. म्हणून आठ रविवारांचा कंडक्टिंगचा क्लास लावला. फी आगाऊ, परत मिळणार नाही.

तबल्यानेच घात केला. चार मात्रांना हात कसा फिरवायचा? खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. पण सर "खाली!" म्हणाले की माझा हात हवेत. आपल्या तीनतालात खाली म्हणजे नववी मात्रा, टाळी न देता हात नुसता बाजूला करायचा. त्यांच्यात खाली म्हणजे पहिली मात्रा, चक्क आपली सम! शेवटी सर "काका, जमिनीकडे" म्हणायला लागले. सर माझ्या मुलापेक्षा लहान.

त्याहून अवघड सुरुवातीचा इशारा. गाण्याच्या एक मात्रा आधी हात उचलायचा आणि आपणही श्वास घ्यायचा. लय किती, आवाज किती, सगळं त्या एका उचलण्यात कळायला हवं. हे आरशासमोर करताना फुलदाणी फुटली. लुली नावाचा फ्रेंच संगीतकार जाड काठी जमिनीवर आपटून ताल द्यायचा. ती एकदा स्वतःच्याच पायावर बसली, जखम चिघळली आणि १६८७ साली तो गेला. त्यामानाने फुलदाणीचं काय घेऊन बसलीस, असं मी हिला म्हणालो. त्या दिवसापासून माझा रियाज घराबाहेर.

तर गुरुवारी संध्याकाळी पौड फाट्याजवळ स्कूटर लावून फुटपाथच्या कडेला उभा राहिलो. खाली, डावीकडे, उजवी... कच्चकन रिक्षा थांबली.

"बसा."

"नाही हो, मी नुसता..."

"हात केलात ना?"

"तुम्हाला नव्हता."

"मग कोणाला?" त्याने मागेपुढे पाहिलं. फुटपाथवर मी आणि एक झोपलेलं कुत्रं.

"कोरसला."

"कुठाय?"

"सोसायटीत."

त्याने इंजिन बंद केलं. "करून दाखवा."

दाखवलं. त्याने नीट पाहिलं. "यात वाजतं काय?"

"काहीच नाही. मी फक्त लय दाखवतो."

"आमच्या पथकात ताशा असतो. त्याने उचललं की सगळे ढोल एकदम पडतात. बघायलाबी लागत नाही. आणि आमच्यात चालीलाच हात म्हणतात. पहिला हात, दुसरा हात. तुमचा हा कितवा?"

"चार मात्रांचा."

"आणि डावा खिशात का?"

हे झोंबलं. डाव्याने आवाज चढवायचा-उतरवायचा, कोणी कधी उचलायचं ते सांगायचं. उजव्याची नक्कल करत बसायचं नाही. सरांनी मला तीनदा टोकलंय.

"डावा पाचव्या रविवारी आहे," मी म्हणालो.

"बरं. मग बसा आता. तुमच्यासाठी मागचं गिऱ्हाईक सोडलं मी."

तोवर मागे दोन रिक्षा आणि एक पीएमपीएमएल बस हॉर्न वाजवत उभ्या. बसच्या खिडकीतून एक बाई म्हणाल्या, "काका, बसा ना, कशाला भांडताय?" मी बसलो. सिग्नलला तो दोन्ही अंगठ्यांनी हँडलवर दुसरा हात वाजवून दाखवत होता. छान वाजवत होता, हेच जास्त लागलं.

रात्री तालीम. तेरा जण, तेरा मोबाईल. माना खाली, कारण शब्द पाठ नाहीत. अहो, राज्यगीत आहे ते, २०२३ पासून अधिकृत! मी हात उचलला, श्वास घेतला, थांबवलं, परत उचलला. तोवर ते माझ्याशिवाय सुरू होऊन दुसऱ्या ओळीवर पोचले होते. संपल्यावर एकीने विचारलं, "आज तुम्ही नव्हतात का?"

शुक्रवारी सकाळी स्कूटर आणायला निघालो. कोपऱ्यावर उभा राहून हात केला. वीस मिनिटं केला. नंतर डावाही केला. अकरा रिक्षा गेल्या, त्यातल्या सात रिकाम्या. चालत गेलो.